दोनदा मोजलेला खड्डा

“कारगिलचं मी कसं सांगू, स्वरूपा? मी कारगिलला गेलोच न्हाई,” आबा म्हणाले आणि पेरूची एक फोड कापून त्यांनी जुईच्या तळहातावर ठेवली.

माझं लक्ष फोडीवर नव्हतं, पात्यावर होतं. साडेतीन वर्षांच्या मुलीपासून पातं किती बोटं लांब आहे, हे मी पाठ फिरवूनही सांगू शकते. आई झाल्यापासून माझे डोळे याच कामाला लागलेत. गॅसचा नॉब, बाल्कनीचे गज, मोरीतली भरलेली बादली आणि माझ्या सासऱ्यांचा चाकू.

समोर वही उघडी होती. ‘हा चाकू कारगिलच्या युद्धात’ एवढं लिहून मी थांबले होते.

चाकू सिनेमातल्यासारखा नाही. मुठीत मावेल एवढा, घडीचा. काळ्या खरखरीत मुठीत एक पातं, डबा फोडायचा एक आकडा आणि पाठीमागे चार बोटं लांबीचा लोखंडी टोच्या, दोराच्या घट्ट गाठी सोडवायला. टोच्याचं टोक मोडलेलं. मुठीच्या कडीला पांढरी दोरी आणि दोरीचं दुसरं टोक आबांच्या पट्ट्याला. आबा फौजेत सॅपर होते, म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग पेरणारे आणि काढणारे. बावीस वर्षांनी घरी आले, सांगवीत या दोन खोल्या घेतल्या आणि तेव्हापासून चाकणच्या एका गिअर कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत. जुईच्या पाचवीला सासूबाईंनी हाच चाकू तिच्या उशाखाली ठेवला होता. बाळाजवळ लोखंड हवं तर घरात विळी होती, अडकित्ता होता. पण नाही, फौजेचंच पाहिजे. मी बी.एस्सी. झालेली, ओली बाळंतीण, घडी आपोआप उघडेल या भीतीनं उशीखाली हात घालून बसले होते.

हा चाकू कोणाला हवासा वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण महिन्यापूर्वी गेटवर एका ट्रकच्या दाराचं सील अडकलं. आबांनी चाकू काढून ते कापलं आणि मागच्या गाडीतून दिग्विजय साहेब खाली उतरले. कंपनीतले मोठे साहेब. त्यांनी चाकू हातात घेतला तो दहा मिनिटं सोडला नाही, मागे हॉर्न वाजत राहिले. डॉक्टर जीभ बघतात तसं बघत हुतं, असं आबांनी घरी येऊन सांगितलं. साहेबांना असल्या वस्तू जमवायचा नाद आहे. वाकडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जुन्या लष्करी चाकूंनी भिंत भरली आहे म्हणे, प्रत्येकाखाली कार्ड, कोणत्या लढाईतला, कोणी वापरला.

आणि हेच साहेब शाळेच्या कमिटीवर आहेत.

त्या शाळेचं फाटक आमच्या गच्चीवरून दिसतं. वाळवण घालताना मी रोज ते बघते. सोडतीत जुईचा नंबर लागला नाही. दुसरी शाळा मिळतेय ती माण गावाला, बसनं तास-सव्वा तास, हिंजवडीच्या त्या सगळ्या गाड्यांमधून. साडेतीन वर्षांची मुलगी, खिडकीला काच आहे की नाही माहीत नाही, ड्रायव्हर कोण माहीत नाही. मी आबांना सांगितलं, तुम्ही साहेबांना विचारा. आबांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं नसावं, पण माझ्यासाठी त्यांनी विचारलं. साहेबांनी लगेच होकार दिला. सव्वीस जानेवारीला शाळेत सैनिकांच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, चाकू द्या, सोबत घरच्यांच्या अक्षरात एक पत्र द्या, कारगिलचं असेल तर उत्तमच, आणि नातीची काळजी करू नका, मी बघतो. सगळं एका दमात.

“मग काय लिहू ते तरी सांगा,” मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण ओट्यापाशी भाकरी थापणाऱ्या सासूबाई मागे न वळता बोलल्या.

“लिही, बटाटं सोललं. लोक सुभेदार हून आलं, आमचं नाईक ते नाईकच ऱ्हायलं.”

सासूबाईंचं हे बोलणं मी लग्नापासून ऐकत आले आहे. समोरच्या बिल्डिंगमधले एक काका आबांबरोबरच भरती झाले होते, ते सुभेदार होऊन आले. त्यांच्या गॅलरीत दिवा लागला तरी सासूबाईंना ते आठवतं. आबा कधी उत्तर देत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी पातं फडक्यानं पुसून घडी केली आणि टोच्या उघडला.

“ह्याचं टोक कसं मोडलं ते सांगू का?” ते म्हणाले. “पर मग सगळं सांगंन.”

त्यांनी सांगितलं ते असं. संसदेवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात फौज सरहद्दीवर गेली. आबांची तुकडी राजस्थानात. शेतकऱ्यांना उठवून त्यांच्या शेतांत सुरुंग पेरले. लढाई झालीच नाही. दहा महिन्यांनी हुकूम आला, पेरलेलं सगळं काढा. प्रत्येक पट्ट्याचा एक नकाशा असतो आणि एक आकडा असतो. जेवढे पेरले तेवढे निघाले पाहिजेत. आबांच्या वाट्याला आलेला पट्टा आधी दुसऱ्या एका तुकडीनं पेरला होता, त्याचा आकडा होता चारशे बारा. निघाले चारशे अकरा.

आठ दिवस त्यांनी तो एक शोधला. वाळू सरकते तिथं, पेरलेलं जागेवर राहत नाही. नवव्या दिवशी पट्ट्याच्या कडेला एक जुना खड्डा दिसला, त्यात नीलगाईची हाडं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. जनावराच्या पायाखाली फुटला असणार. आबांनी कागदावर लिहिलं, काढलेले चारशे अकरा, फुटलेला एक, एकूण चारशे बारा. खाली मोजणाऱ्याची सही असते. ती त्यांनी केली.

“मागनं कळलं, तो खड्डा आदीच्या तुकडीच्या वक्ताचा हुता,” आबा म्हणाले. “त्यांनी त्यांच्या कागदावर लिवलावता आन् त्येच्या बदली दुसरा पेरलावता. एकच खड्डा दोनदा मोजला गेला.”

तो आधीचा कागद मागवता आला असता. वरच्या ऑफिसात होता. पण त्यात पंधरा दिवस गेले असते आणि सगळ्यांच्या रजा तोंडावर आल्या होत्या. आबा चौदा महिने घरी आले नव्हते. माझा नवरा, सुजित, तेव्हा दहा वर्षांचा होता.

शेतं परत देताना त्यांच्याकडे एक रीत असे. गावकऱ्यांना बांधावर उभं करायचं आणि ज्यांनी सुरुंग काढले त्यांनी स्वतः शेतातून चालून दाखवायचं, खांद्याला खांदा लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आबा चालले. पलीकडच्या बांधावर बायकांनी त्यांना ताक दिलं.

तिसऱ्या दिवशी स्फोट झाला. एक बाई चारा कापायला आत गेली होती. बांधापासून पंचवीस पावलं. तुकडीचं सामान ट्रकमध्ये भरून पुढे गेलं होतं, जमीन टोचायच्या लांब सळया नव्हत्या, काही नव्हतं. एक चुकला म्हणजे आणखी असू शकतो, आता त्या कागदावर कोण विश्वास ठेवणार. आबांनी कमरेचा चाकू काढला, टोच्या उघडला आणि पोटावर झोपले. सळई लांब असते, हात जमिनीपासून दूर राहतो. टोच्या चार बोटांचा. तिरका घालायचा, सरळ कधीच नाही, दोन बोटं सोडून पुन्हा घालायचा. पाऊण तास लागला. ओढणी गुडघ्याला आवळून बांध, असं ते सगळा वेळ तिला ओरडून सांगत होते आणि तिनं बांधली होती. मध्ये कुठंतरी दगडावर टोक मोडलं.

मी पेन खाली ठेवलं होतं. जुई पेरूच्या बिया फरशीवर एकेक करून मांडत होती.

“मी जवळ पोचलो तवा ती माझ्याकडं बघत ऱ्हायली,” आबा म्हणाले. “मला वळाखलं तिनं. म्हणली, तू तर चालून दाखवलंस की.”

ती वाचली. पाय गुडघ्याखालून गेला. आबांच्या मेजरला त्यांचं नाव शाबासकीसाठी पाठवायचं होतं, पण आबा स्वतः जाऊन सांगून आले की मोजणाऱ्याची सही माझी आहे. चौकशी झाली, लाल शाईत नोंद झाली. शाबासकीचा कागद निघालाच नाही आणि बढतीही पुढं कधी आली नाही. रिटायर होताना स्टोअरवाल्यानं चाकू बघितला, टोच्या मोडका, निकामी म्हणून बाजूला टाकला. आबांनी तो मागून घेतला.

सासूबाईंनी गॅस बंद केला होता. किती वेळ झाला होता कोण जाणे.

“तिला लेकरं हुती का?” त्यांनी विचारलं.

“दोन.”

त्यांनी पुन्हा गॅस लावला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. त्यानंतर आजतागायत सुभेदाराचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दुपारी मी पत्र लिहून काढलं. चांगलं लिहिलं. स्फोट, धावपळ, बाईची ओढणी, पोटावर सरकणारा जवान, मोडलेलं टोक. खोटा एक शब्द नव्हता त्यात. चारशे अकरा आणि चारशे बारा मात्र मी घेतले नव्हते. लिहिताना मी स्वतःला समजावत होते की शाळेतल्या लहान मुलांना आकड्यांचं काय. खरं तर माझ्या डोळ्यांसमोर गच्चीवरून दिसणारं ते फाटक होतं. मधल्या सुट्टीत जुई बाहेर आली तर मला इथून तिचा फ्रॉक ओळखू येईल, एवढंच मला हवं होतं. सेकंड शिफ्टला निघताना सुजितनं उभ्या-उभ्याच वाचलं, फर्स्ट क्लास झालंय म्हणाला.

आबांनी चष्मा लावून ओळीखाली बोट धरत वाचलं. दोन पानं वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

“खड्डा कुठाय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, जे लिहिलंय ते सगळं खरंच आहे. जुईच्या शाळेचं सांगितलं, माणच्या बसचं सांगितलं. गेल्या महिन्यात एका बसमध्ये झोपलेलं मूल तसंच राहून गेलं होतं, त्याची बातमी मी कापून ठेवली होती, तीही दाखवली. बोलता बोलता मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला राग आला. सुजितला फोन लावला. कंपनीच्या लाइनवर मशीनचा आवाज इतका होता की तो ओरडूनच बोलत होता. त्याचं म्हणणं, आबांना समजाव, दोन ओळी नसल्या तर काय बिघडतंय, पोरीचं भलं होतंय ना. ते आबांनाही ऐकू गेलं.

“खरंय त्येचं,” आबा म्हणाले. “तुजंबी खरंय. पर तशी माजी एक सही हाय, स्वरूपा. दुसरी नगं.”

ते उठून जुईला घेऊन खाली गेले. मी मात्र बराच वेळ कागदाकडे बघत बसले. पंचवीस पावलं आत पडलेल्या त्या बाईची मुलं तेव्हा कुठं होती, हे आबांनी सांगितलं नव्हतं. मला तेच दिसत होतं. बांधावर असणार. एखादी शेजारीण त्यांना घट्ट धरून उभी असणार. सगळ्यांनी त्यांना सांगितलं असणार की हे शेत आता चांगलं आहे, फौजवाले स्वतः चालून गेलेत. मी, जी गॅसचा नॉब दिवसातून वीस वेळा बघते, मीसुद्धा मुलांना त्या शेतात खेळायला सोडलं असतं. सहीवर विश्वास ठेवूनच सोडलं असतं.

मी नवीन कागद घेतला आणि चारशे बारापासून सुरुवात केली. सही आबांनी वर येऊन केली, तारीख घातली, नाईक लिहिलं.

रविवारी आम्ही वाकडला गेलो. आबांनी सुट्टीच्या दिवशीही गेटवरचे काळे बूट घातले होते. विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीला नुसती काच. मी जुईचं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. भिंतीवर खरंच चाकूच चाकू, काचेच्या पेटीत, आतून दिवे. खुकऱ्या, संगिनी, कुठल्या कुठल्या देशांचे. सगळे चकचकीत आणि प्रत्येकाखाली एका लढाईचं नाव. साहेब घरच्या कपड्यांत साधे वाटत होते. त्यांनी स्वतः सरबत आणून दिलं, जुईला चॉकलेट दिलं, आबांना दोनदा बसा म्हणाले. आबा उभेच राहिले.

साहेबांनी पत्र वाचलं. वाचता वाचता त्यांनी सरबताचा ग्लास बाजूला ठेवला.

“काका, हे तुम्ही कधी बोलला नाहीत,” ते म्हणाले. “रोज तुमच्यासमोरून गाडी जाते माझी. अंगावर काटा आला.”

ते मनापासून बोलत होते, हे मला दिसत होतं. त्यांनी टोच्या उघडून मोडक्या टोकावरून अंगठा फिरवला. मग पत्राचं पहिलं पान पुन्हा हातात घेतलं. कारगिल नाही, तरी हरकत नाही, म्हणाले, हे त्याहून भारी आहे. फक्त हा सुरुवातीचा भाग ठेवायला नको. हिशेब, खड्डा, सही. मुलं गोंधळतील. पालक विचारतील, आपलाच सुरुंग, आपल्याच माणसाची चूक, हे सव्वीस जानेवारीला कशाला. आपण थेट स्फोटापासून सुरू करू. त्यात काकांचाच मान आहे.

आबांनी माझ्याकडे बघितलं. गेटवर आबा याच माणसाला रोज सलाम करतात, त्याच्यासमोर ते काय बोलणार. पण त्यांच्या नजरेत मी बोलावं असंही नव्हतं. शाळा माझ्या मुलीची होती. त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं.

“सर,” मी म्हणाले, “ती बाई त्यांना काय म्हणाली ते दुसऱ्या पानावर आहे. पहिलं पान काढलं तर ती तसं का म्हणाली ते कोणालाच कळणार नाही. लावायचं तर पूर्ण लावा. नाहीतर नको.”

साहेब हसले, चिडले नाहीत. त्यांनी अजून एक वाट काढून दिली. पत्र राहू दे. नुसता चाकू ठेवू, खाली लिहू, ‘भारतीय सैन्यातील घडीचा चाकू’. एवढंच. यात खोटं काही नाही. आणि गुरुवारी कमिटीची मीटिंग आहे, अर्ज मी वर काढून ठेवलाय.

खरंच, यात खोटं काही नव्हतं. मी हो म्हणाले असते. अजूनही कधीकधी रात्री मला वाटतं की मी हो म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात आबा पुढे झाले, त्यांनी काचेच्या टेबलावरचा चाकू उचलला आणि टोच्या मिटला.

“कागदासकट हाय तो, साहेब,” ते म्हणाले.

साहेबांनी दारापर्यंत येऊन आम्हाला निरोप दिला. अर्जाचं पुन्हा काही बोलले नाहीत. आबांनी त्यांना सलाम केला, रोजच्यासारखाच.

लिफ्टमध्ये जुई आबांच्या खांद्यावर झोपली. मी मनाशी यादी करत होते. उद्याच माणच्या शाळेत जायचं, फी भरायच्या आधी बस बघायची, प्रत्येक खिडकी उघडून बघायची. ड्रायव्हरचं नाव, बसमधल्या मावशीचं नाव, दोघांचे नंबर. पहिला आठवडा स्कूटीवरून बसच्या मागे जायचं. ड्रायव्हर वैतागेल, वैतागू दे. उतरताना मुलं कोण मोजतं ते विचारायचं आणि मोजून झाल्यावर आत जाऊन शेवटचं बाकडं कोण बघतं, तेही.

“मी शिफ्ट बदलून घेतो,” आबा म्हणाले. “दुपारी बस आली की मी घ्याला जाईन तिला.”

मी मान हलवली.

सोसायटीच्या फाटकाजवळ सिक्युरिटीच्या बाईनं रजिस्टर पुढे केलं. येताना गर्दीत तिनंच आमची नोंद करून घेतली होती. आता बाहेर जायची वेळ आणि सही हवी होती. आबांनी झोपलेल्या जुईला डाव्या खांद्यावर नीट घेतलं, पेन हातात घेतलं आणि थांबले.

“ताई, हितं दोन लिवलंय,” ते म्हणाले.

बाई म्हणाली, लहान मूल धरत नाहीत काका, मोठी माणसंच लिहितो आम्ही.

“आत तीन गेलो. भाईर तीन आलो,” आबा म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मागे एक जेवण पोचवणारा गाडी चालू ठेवून उभा होता. आबांचा एकच हात मोकळा होता आणि वही हलत होती, म्हणून मी पेन घेतलं. दोनवर एक सरळ काट मारली, शेजारी तीन लिहिले आणि वही दोन्ही हातांनी दाबून धरली. आबांनी मनगटावरचं घड्याळ बघून मिनिटासकट वेळ घातली आणि खाली सही केली.